अंगठ्याला बांधलेली कामटी

मँडोलिनला आठ तारा असतात, पण त्या आठ समजायच्या नाहीत. दोन-दोनच्या चार जोड्या समजायच्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावलेल्या असतात आणि तारा छेडायच्या नखीच्या एकाच फटक्यात दोन्ही वाजल्या पाहिजेत. एक वाजली आणि एक सुटली तर ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते कळत नाही, नुसतं काहीतरी हडकुळं वाजतंय एवढंच जाणवतं. मला मात्र कळायचं, आणि कळलं की माझं डोकं फिरायचं. या बाबतीत मी फार खडूस होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यातून माझा खडूसपणा बाजूला काढता येत नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचा चांदा जिल्हा तेव्हा नागपूरच्या सरकारात होता आणि मी अहेरीच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. अहेरीकडे बदली झाली की लोक काळ्या पाण्यावर चालल्यासारखं तोंड करून भेटायला यायचे. मीही तसंच तोंड करून गेलो होतो. पहिलं वर्ष मुलांची गोंडी मला कळली नाही आणि माझी मराठी त्यांना. शाळा सुटली की मी ओसरीवर बसून मँडोलिन वाजवायचो. चांद्याला शिकत असताना खाणीच्या ऑफिसातल्या एका गोव्याकडच्या टायपिस्टनं मला ते शिकवलं होतं, आणि मला येणारी, पण त्या गावातल्या लोकांना कशालाच न लागणारी अशी ती एकच गोष्ट होती.

गावाच्या वेशीवर जंगलखात्याचा नाका होता. बांबूच्या आणि सागाच्या गाड्या तिथे थांबायच्या, नाकेदार पास बघायचा, मग फाटक उघडायचं. हा नाकेदार माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या मुलखातला, बाप नसलेला, आई गावाकडे एकटी. एका संध्याकाळी तो माझ्या ओसरीपुढे येऊन उभा राहिला आणि माझ्या उजव्या हाताकडे पाहू लागला.

"बसा की," मी म्हणालो.

"बसतो जी. पण मले हे शिकवान का?"

मी त्याला टाळलं. तो रोज येऊ लागला. दिवाळीला गावाकडे गेला तो कुठल्याशा नाटकवाल्याचं जुनं, पोटाला चीर गेलेलं मँडोलिन घेऊनच परत आला. आता नाही म्हणायला जागा उरली नाही.

पहिले दोन महिने मी त्याला एकही गाणं वाजवू दिलं नाही. नुसता उजवा हात. नखी म्हशीच्या शिंगाची, मीच कौलाच्या तुकड्यावर घासून केलेली. तर्जनी आत वळवायची, तिच्या कडेवर नखी ठेवायची, वरून अंगठा आडवा दाबायचा. अंगठा सरळ हवा, सांध्यात वाकलेला नको. नखीचं टोक बाहेर गव्हाच्या दाण्याएवढं. करंगळी खाली लाकडावर नुसती टेकलेली, रेटलेली नाही. मग हात मनगटातून हलवायचा, ओल्या हाताचं पाणी झटकावं तसा. वरून खाली येतो तो सुलटा हात. तो कोणालाही जमतो, कारण हाताचं वजनच नखीला दोन्ही तारांवरून ओढून नेतं. खरी गोम उलट्या हातात. खालून वर जाताना नखी पहिल्या तारेला लागते आणि दुसरीला चुकवून वर निसटते. दहा वर्षं वाजवणारे लोक उलट्या हाताला एकच तार वाजवतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

यावर मी एक युक्ती काढली होती. जोडीतली एक तार मी मुद्दाम केसभर उतरवून ठेवायचो. दोन्ही तारा लागल्या तर सूर डुगडुगायचा, कानाला अगदी घाण वाटायचा. सूर स्वच्छ आला तर समजायचं, एक तार सुटली. म्हणजे या अभ्यासात वाईट ऐकू येणं हेच बरोबर. नाकेदार डोळे मिटून तासन्‌तास ते वाईट सूर वाजवत बसायचा. माझी बायको आतून म्हणायची, "तुमचे ते दोन बेसूर झाले असतील तं जेवाले या." तो हसायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

वर्षभरात त्याचा हात बसला. दीड वर्षात असा बसला की सुलटा कुठला आणि उलटा कुठला ते मला डोळे मिटून सांगता येईना. नखी भराभर वर-खाली फिरवून सूर लांबवतात, ते तर तो इतकं एकसारखं करायचा की तार छेडल्याचा भासच होत नसे, कोणी गातंय असं वाटायचं. त्याचा उलटा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी त्याला एकदाही बोलून दाखवलं नाही. शिष्याला डोक्यावर चढवू नये अशी माझी समजूत होती, आणि खरं सांगायचं तर जळतही होतो.

त्याच सुमाराला त्याच्या नशिबानं एक दार उघडलं. ब्रह्मपुरीला धानाची गिरणी असलेल्या एका शेटनं स्वतःची नाटक मंडळी काढली होती. आमच्या झाडीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, धान कापून झालं की गावोगाव शंकरपट भरतात, बैल पळतात आणि त्या निमित्तानं नाटकं होतात. शेटची रीत अशी की मंडळीतल्या वाजवणाऱ्याला तो गिरणीत नोकरीला ठेवायचा, म्हणजे हंगाम नसतानाही माणूस हाताशी राहतो. त्याला मँडोलिनवाला हवा होता. नाकेदाराच्या आईनं गावाजवळची एक मुलगी पाहून ठेवली होती आणि मुलीच्या बापानं स्वच्छ सांगितलं होतं, पोरगी अहेरीच्या जंगलात धाडणार नाही, ब्रह्मपुरीत नोकरी लागली तर आज कुंकू लावतो. जागा मिळाली तर आई, बायको, घर, सगळं एकदम मिळणार होतं. नाही मिळाली तर नाका होताच. धान कापणीनंतर येऊन हात दाखवा, असा शेटचा निरोप आला.

निरोप आला तो पोळ्याच्या आगेमागे. आणि नेमका तेव्हापासून त्याचा हात बिघडायला लागला.

आधी उलटा हात गेला. मी तार उतरवून ठेवायचो आणि सूर स्वच्छ यायचा. म्हणजे एक तार सुटत होती. मग नखी बोटांत फिरू लागली, आडवी व्हायची, निसटायची. मी नीट पाहिलं तर त्याचा अंगठा सांध्यात वाकत होता. दोन वर्षं सरळ राहिलेला अंगठा आता नखी धरताना आकडा व्हायचा.

"अंगठा सरळ," मी म्हणायचो.

"हो जी."

चार फटक्यांत पुन्हा वाकडा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत मुडपलेली. करंगळी तो लाकडावर रेटायचा, इतकी की तिच्या बाजूची कातडी सोलून निघाली होती.

"करंगळी उचल. लाकूड पोखरतं आहेस का?"

"ध्यानातच नाई येत जी, कुठी टेकली थे."

हे त्यानं मला सांगितलं होतं. याच शब्दांत सांगितलं होतं. आणि मी त्याला उत्तर काय दिलं? ध्यान ब्रह्मपुरीच्या पोरीकडे असेल तर करंगळीकडे कुठून येणार. त्याला हसू आलं नाही. मला वाटलं, बोलणं झोंबलं, बरं झालं.

मी हात धुऊन त्याच्या मागे लागलो. सकाळी शाळेआधी एक तास, संध्याकाळी दोन. तो गाड्या सोडून धावत यायचा. मी त्याचा अंगठा माझ्या हातात धरून सरळ करायचो, वरून माझा अंगठा दाबून ठेवायचो आणि म्हणायचो, आता वाजव. माझ्या हातात असेपर्यंत जमायचं. सोडलं की आकडा. मी त्याला आळशी म्हणालो, लक्ष नाही म्हणालो, घाबरट म्हणालो. एकदा त्याच्या हातातून मँडोलिन काढून घेतलं आणि घरी जा म्हणून सांगितलं. तो गेला नाही. ओसरीच्या पायरीवर बसून राहिला आणि हवेत हात हलवत राहिला.

मग माझ्या सुपीक डोक्यातून ती कामटी निघाली. आमच्याकडे बांबूला काय तोटा. मी पेराची एक कामटी चिरली, तासली, त्याच्या अंगठ्याच्या लांबीची केली आणि दोऱ्यानं अंगठ्याला करकचून बांधली. आता वाकायची सोयच राहिली नाही. तो वाजवू लागला तर खरंच जरा बरं वाजलं. मी खूश झालो.

"दुखते का?"

"नाई."

"खरं सांग. सैल करू?"

"नाई जी, काईच नाई दुखत. आणखी आवळा पाहिजे तं."

मी आणखी आवळली. आत जाऊन बायकोला म्हणालो, गडी मोठा खंबीर आहे. मग तो नाक्यावरही कामटी बांधूनच बसू लागला. दोन महिने रोज सकाळी मी स्वतः ती बांधून द्यायचो. एके दिवशी दोरा सोडला तर कामटीच्या कडेनं अंगठ्यात खोल खाच पडलेली दिसली, आत ओली. मला जरा कसंतरी झालं. पण त्याच्या चेहऱ्यावर कुठे आठीसुद्धा नव्हती. मी म्हणालो, "चला, सवय झाली तुझ्या अंगठ्याला." हळद लावली, चिंधी गुंडाळली आणि वरून पुन्हा कामटी बांधली.

या एका वाक्यापाशी मी आयुष्यात किती वेळा येऊन थांबलो असेन, ते मोजलेलं नाही. न दुखणं म्हणजे प्रगती, असं मला वाटलं. तारेवर शिकणाऱ्या प्रत्येकाचं बोट दुखतं, माझं स्वतःचं दुखलं होतं, आणि मी ज्याला जखम होईपर्यंत बांधलं त्याचं दुखत नव्हतं. एवढी साधी गोष्ट मला विचित्र वाटली नाही.

धान कापून झालं तसे आम्ही निघालो. अहेरीहून सागाच्या ट्रकवर बसून चांद्याला, तिथून छोट्या लायनीच्या गाडीनं ब्रह्मपुरी. मीही सोबत गेलो, कारण शिष्याला जागा मिळताना मला तिथे बसायचं होतं. गिरणीच्या गोदामात एका बाजूला सतरंजी घातली होती. दुपारची वेळ, कोंड्याची धूळ उन्हात उडत होती. शेट लोडाला टेकून, मंडळीतले पाच-सहा जण आजूबाजूला आणि पेटीवर एक म्हातारे मास्तर. मंडळीत त्यांचा शब्द शेवटचा, असं आम्हाला दारातच सांगण्यात आलं.

कामटी लावून लोकांसमोर बसणं बरं दिसणार नाही म्हणून मी ती बाहेरच सोडली होती.

सुरुवात ठीक झाली. त्यानं चाल संथ धरली, सगळा सुलटा हात. पेटीवाल्या मास्तरांनी एकदा मान हलवली. मग लांब सुराची जागा आली. त्याचा हात भराभर हलू लागला आणि चार-दोन क्षणांत नखी बोटांतून निसटून सतरंजीवर पडली. नखी कोणाच्याही हातून पडते, माझ्याही पडते. पडली की हात आपोआप थांबतो. त्याचा हात थांबला नाही. बोटं तशीच चिमटीत धरलेली आणि मनगट वर-खाली चाललेलं, नुसती कातडी तारांवर घासत होती. डोळे मिटलेले. आवाज का गेला ते त्याला कळत नव्हतं. डोळे उघडून त्यानं हाताकडे पाहिलं, तेव्हा कुठे त्याला समजलं की हात रिकामा आहे.

मंडळीतले लोक खो-खो हसले. मी हसलो नाही, पण रागानं मेलो. इतक्या मेहनतीवर यानं पाणी फिरवलं म्हणून.

पेटीवाले मास्तरही हसले नाहीत. ते उठून त्याच्या समोर येऊन बसले.

"हात दाखव बाबू."

त्यानं हात पुढे केला. मास्तरांनी तो उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्यावरची चिंधी सोडली.

"हे कायनं झालं?"

"कामटीनं. गुरुजीनं बांधली होती, अंगठा सरळ राहाले."

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "अन् दुखलं नाई?"

"नाई जी."

"तिकडं दाराकडं पाह्य. मी लावलं का सांगजो."

तो दाराकडे पाहू लागला. मास्तरांनी सतरंजीवरची नखी उचलली आणि टोकानं त्याच्या करंगळीच्या पेरावर टोचली. मग शेजारच्या बोटावर. मग तळहाताच्या कडेवर, कातडी पांढरी पडेपर्यंत. तो दाराकडे पाहत होता, टोचण्याची वाट बघत होता. आम्ही सगळे त्याच्या हाताकडे पाहत होतो.

"लावा की जी," तो म्हणाला.

मास्तरांनी नखी खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माह्या भावाले असंच झालं होतं. तू दवाखान्यात जा बाबू. आजच जा." रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, आमच्या जिल्ह्यात ते नाव शेंबड्या पोराला माहीत होतं. शेट लोडावरून उठून उभा राहिला. आम्ही गोदामाच्या बाहेर पडतो न पडतो तोच सतरंजी उन्हात नेऊन टाका असं कोणीतरी ओरडलेलं ऐकू आलं. नाकेदारानंही ते ऐकलं.

त्याचं गाव तिथून चार कोसांवर होतं, पण आईकडे जायला तो तयार झाला नाही. परतीच्या गाडीत तो दाराशी, खाली बसला. मी बाकावर होतो, शेजारी जागा होती. त्याला वर ये म्हणायला हवं होतं. त्याचा तो दूर बसला म्हणून मला हायसं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते, पण वाटलं होतं. चांदा येईपर्यंत तो एकदाच बोलला.

"म्हणजे मी आळस नोहतो करत, गुरुजी."

चांद्याच्या दवाखान्यात महारोग पक्का झाला. नोकरी गेली. मुलीच्या बापाला कोणी निरोपही दिला नाही, त्याला आपोआप कळलं. नाकेदार एका आश्रमात राहायला गेला. रेल्वे स्टेशनापासून तीन मैलांवर, उघड्या माळावर तो आश्रम होता. घरी बायकोनं त्याचा चहाचा कप उकिरड्यावर फेकला आणि मी तिला अडवलं नाही. दोन वर्षं मी रोज सकाळी दाढी करण्याआधी सुईनं माझी दहाही बोटं टोचून पाहायचो. दुखलं की बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याला भेटायला गेलो. जायला नको म्हणून बरीच कारणं काढली, पण मग राहवेना. स्टेशनापासून चालत, उघड्या माळावरून, बाराच्या उन्हात. तिथल्या डॉक्टरांना आधी भेटलो. भले माणूस होते. म्हणाले, नवीन गोळ्या आहेत, रोग थांबलाय, पण बोटांतल्या शिरा मेल्या त्या आता परत येत नाहीत. चार महिने आधी आला असता तर अंगठा वाचला असता. त्यांना काय माहीत, ते चार महिने कोणाचे होते. मी मान हलवली आणि बाहेर आलो.

तो एका कडुनिंबाखाली बाजेवर बसला होता. मला पाहून इतका आनंदला की उठताना अडखळला. अंगठा आता कायमचा आकड्यासारखा होता. त्यानं शाळेची चौकशी केली, नाक्यावर आता कोण आहे ते विचारलं, माझ्या बायकोला नमस्कार सांगितला. मी काय बोललो ते आठवत नाही. त्याची माफी मागायची असं घरून ठरवून निघालो होतो, ते शब्द काही तोंडातून फुटले नाहीत. मग तो आत गेला आणि दोन्ही मनगटांच्या मध्ये दाबून तांब्याभर पाणी घेऊन आला. सांडू नये म्हणून फार हळू चालत होता.

"घ्या गुरुजी. उनातून आले."

माझ्या घशाला कोरड पडली होती. "आत्ताच प्यायलो," मी म्हणालो. "वाटेत विहिरीवर."

त्यानं तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, मी आलो होतो त्या माळाकडे पाहिलं.

"वाटेत विहीर नाई, गुरुजी," तो म्हणाला, आणि मग हळू आवाजात, मला सांभाळून घेतल्यासारखा, पाऊस यंदा कसा होईल ते विचारू लागला.